कोल्हिणीला नोटीस

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धायगुडे सरांनी कधी गुड मॉर्निंग टाकलं नाही, कुणाला वाढदिवसाचा केक पाठवला नाही, की देवाचा फोटो पुढे ढकलला नाही. ते फक्त दुरुस्त्या करायचे. कुणी ‘आज पाणि येणार नाही’ असं लिहिलं की थोड्याच वेळात सरांचा मेसेज यायचा, ‘पाणी. णी दीर्घ.’ पाणी त्यानंतरही यायचं नाही, पण निदान शुद्ध यायचं नाही.

सरांनी सगळी नोकरी डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर तिथली जागा विकून ते ठाण्यात कोलशेतला आले, आमच्या मजल्यावर, माझ्या अगदी समोरच्या दारात. का आले, याच्या दोन हकिकती आहेत. फ्लॅट दाखवणारा एजंट सगळ्यांना सांगायचा की सर मॉड्युलर किचन बघून जागेवर ‘घेतो’ म्हणाले. काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, हकिकत वेगळी होती. एजंट किचनचे ड्रॉवर उघडून दाखवत होता तेव्हा सर गॅलरीत उभे होते. संध्याकाळ झाली होती, आणि मागच्या खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीतून कोल्हे ओरडले. सर आत आले आणि ‘घेतो’ म्हणाले. किचन त्यांनी बघितलं ते राहायला आल्यावर, आणि तेव्हाही चहा कुठे आहे हे विचारायला.

खाडीकाठी कोल्हे आहेत हे तोवर आम्हा बाकीच्यांना माहीत नव्हतं. कुत्री असतील असं समजून आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. सरांनी खिडक्या उघडायला लावल्या. आवाज सुरू झाला की ते आपलं दार उघडून पॅसेजमध्ये यायचे आणि माझ्या दारावर टकटक करायचे. “सेक्रेटरीबाई, ऐका. कोल्हेकुई. शब्द पुस्तकात शिकलात, आता अर्थ ऐका.” मी बँकेतून दमून आलेली असायचे आणि सोसायटीची सेक्रेटरी तर मला मी गैरहजर असलेल्या मीटिंगमध्ये केलेलं होतं. पण सरांना नाही म्हणता यायचं नाही. मी गॅसवरचं दूध बंद करून अर्थ ऐकायला जायचे.

“डोंबिवलीत ह्यांना झोपच नव्हती,” काकू मला एकदा म्हणाल्या. “डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. इथे आलो आणि कोल्हे ओरडले की घोरायला लागतात. मला आता झोप नाही.”

सर मूळचे सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या माळावरचे. धनगराचं घर, आजोबांची मेंढरं. लहानपणी कळपाबरोबर हिंडताना त्यांनी लांडगे, खोकड, तरस, काळवीट असं सगळं बघितलेलं. त्यांच्या घरात दिवेलागणीनंतर लांडग्याचं नाव घ्यायचं नाही असा दंडक होता. ‘पाहुणा’ म्हणायचं. लांडग्यानं कोकरू नेलं तर आजोबा शिव्या द्यायचे नाहीत. ‘पाहुणा जेवून गेला’ एवढंच म्हणायचे आणि पुढच्या मुक्कामाच्या तयारीला लागायचे. हे सर सांगायचे ते अगदी कोरड्या आवाजात, व्याकरणाचा नियम सांगावा तसे. आता तो माळ तसा राहिलेला नाही. अर्ध्या भागात ऊस आहे, उरलेल्या भागात सोलरच्या काचा. पाहुण्याला बसायला जागा नाही, असं सर म्हणायचे.

त्यामुळे त्यांचं सगळं मोजमाप माळाचं. गॅलरीतून पलीकडे येऊरचे डोंगर दिसायचे, पण तिकडे सर जरा परक्यासारखे बघायचे. “डोंगरातलं जनावर लपतं. माळावरचं समोर उभं राहून तुमच्याकडं बघतं. तिथं लपायची पाळी आपली असते.” डोंगर आणि झाडी ह्यांतलं त्यांना फारसं कळत नव्हतं, आणि हे ते कधी कबूल करायचे नाहीत. वरच्या मजल्यावर गच्चीच्या पत्र्यात खुडबुड सुरू झाली तेव्हा सरांनी ते उदमांजर असल्याचं जाहीर केलं. ग्रुपवर उदमांजराच्या सवयींवर लेखमाला झाली. लोक गच्चीवर पिकलेली केळी ठेवायला लागले. शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्यानं पिंजरा लावला आणि त्यात चांगली गलेलठ्ठ घूस सापडली. सगळे सरांच्या मेसेजची वाट बघत होते. मेसेज आला, ‘घूस. घू दीर्घ. चूक माझी. चू दीर्घ.’

कोलशेत हे नाव कोल्ह्यांवरून आलं, हीसुद्धा त्यांचीच खात्री. “कोल्हशेत. मधला ह झिजला. ह असा झिजतोच.” याला पुरावा काय, असं विचारलं की ते बोट खाडीकडे करायचे. गेटवर मासळी घेऊन येणाऱ्या यमुनामावशी कोलशेत गावातल्याच. सरांनी त्यांच्यासमोर हे संशोधन मांडलं तेव्हा मावशी बोंबलांवरच्या माश्या उडवत शांतपणे ऐकत होत्या.

“मास्तर, तुमी सांगताव तं आसंल,” त्या म्हणाल्या. “पन आमचे गावाला नाव ठेवलाय आमचे म्हाताऱ्यांनी. त्यांना तुमी इचारलाव काय?”

“ते आता कुठं आहेत?”

“तेच तं. मंग कोन्ला ठावं?” आणि त्यांनी सरांना बोंबील दिले. सर बोंबील खात नसत. पण वादात हरल्यासारखं वाटेल म्हणून घेतले आणि मला आणून दिले.

बिबट्याचं प्रकरण तर ग्रुपवर अजून निघतं. येऊर जवळ असल्यामुळे आमच्याकडे सगळ्यांच्या मनात एक बिबट्या कायम तयार असतो. एका सकाळी बी विंगमधून फोटो आला. मागच्या भिंतीवर ठिपके ठिपके असलेलं काहीतरी आडवं पडलेलं. ‘बिबट्या दिसला!! मुलांना खाली सोडू नका.’ क्षणात ग्रुप पेटला. शाळेच्या बसेस गेटवर थांबल्या, लिफ्टमध्ये माणसं अडकल्यासारखी उभी राहिली. सरांनी लिहिलं, ‘दिसला की दिसल्यासारखा वाटला? क्रियापद तपासा.’ कुणी तपासलं नाही. मग सर स्वतः छत्री घेऊन खाली गेले. परत आल्यावर त्यांनी लिहिलं, ‘टँकरच्या ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर. धुऊन वाळत घातलं आहे. नपुंसकलिंगी.’

काकू म्हणायच्या, “ह्यांना जनावरं ओळखता येतात, माणसं नाही.” हे मी बरीच वर्षं खरं मानत आले.

आमच्या मागच्या कंपाउंडच्या आत, भिंतीला लागून, बिल्डरनं टाकून दिलेले सिमेंटचे मोठे पाईप पडलेले होते. भिंत एका जागी फुटलेली, तिच्या पलीकडे चिखल आणि तिवरं. त्या जागेत भराव घालून ज्येष्ठ नागरिकांसाठी कट्टा करायचा असं चेअरमन पाटणकरांनी ठरवलं होतं. पाटणकर माणूस वाईट नाही. एकदा ठरवलं की ते दुसरं काही ऐकू येऊ देत नाहीत, एवढंच.

होळी होऊन गेली होती. कुणीतरी कुत्रा फिरवायला मागे गेलं आणि ग्रुपवर आलं, ‘पाईपमध्ये लांडगा आहे!!’ सरांनी सवयीनं दुरुस्ती केली, ‘लांडगा नाही. कोल्हीण. ओटीपोटाशी दूध उतरलेलं दिसतं.’ नेहमीची एका ओळीची दुरुस्ती, पण सगळी सोसायटी जागी झाली. कोल्हीण म्हणजे पिल्लं, पिल्लं म्हणजे वाढता धोका. आमची मुलं तिथे खेळतात, असं लोक म्हणायला लागले. तिथे आजवर डासांखेरीज कुणी खेळलेलं नव्हतं. पाटणकरांनी वनखात्याला फोन केला. त्रास देऊ नका, पिल्लं मोठी झाली की आपोआप जातील, असं तिकडून सांगितलं. पाटणकरांच्या डोक्यात त्यातलं ‘आपोआप जातील’ तेवढं राहिलं. ते म्हणाले की जेसीबी आला की जातीलच आपोआप.

त्या संध्याकाळी ग्रुपवर आणखी एक मेसेज आला. कुणाचा ते सांगत नाही, ते कुटुंब अजून आमच्या बिल्डिंगमध्ये आहे. ‘एवढी चर्चा कशाला? चपातीत औशध घालून ठेवा. दोन दिवसांत प्रॉब्लेम सॉल्व्ह.’ त्याखाली काही अंगठे आले. आपल्या ओळखीच्या माणसांचे. औषधातला ष चुकलेला होता. मी सरांच्या दुरुस्तीची वाट बघितली. ती आली नाही. सकाळीही आली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

रविवारी क्लब हाऊसमध्ये तातडीची सभा झाली. धायगुडे सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. पाटणकरांचं भाषण संपल्यावर त्यांनी हात वर केला.

“अध्यक्षमहाराज, एक शंका. त्या पाईपमध्ये कोण राहतं?”

“कोल्हा राहतो सर, तुम्हीच तर सांगितलंत.”

“कोल्हीण. म्हणजे ताबा तिचा आहे. बेकायदा असेल, पण ताबा आहे. मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर तो ड्रम वाजवणारा भाडेकरू होता. त्याला आपण काय केलं?”

“काढला.”

“कसा काढला?”

“नोटीस देऊन. एक महिन्याची.”

“बस. एवढंच म्हणणं आहे माझं,” सर म्हणाले आणि बसले.

सभा हसली. कुणीतरी ओरडलं, द्या हो नोटीस, कोल्हा काय कोर्टात जातोय! कुणीतरी अनुमोदन दिलं. दुसऱ्या कुणी म्हटलं की रील बनवू, व्हायरल होईल. पाटणकरांचा कॉन्ट्रॅक्टर तसाही महिनाभर दुसऱ्या कामात अडकलेला होता, त्यामुळे त्यांनीही हात वर केला. ठराव एकमतानं झाला, आणि तो लिहायची वेळ माझ्यावर आली. बँकेत मी कर्जबुडव्यांना नोटिसा पाठवते. कोल्हिणीला पाठवायची ही पहिलीच.

मसुदा घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचला.

“‘तुला कळविण्यात येते’ कसं लिहिलंत?”

“मग काय लिहू सर? कोल्हीण आहे ती.”

“बाळंतीण आहे. ‘आपणांस’ करा.”

मी ‘आपणांस’ केलं. काकू आतून म्हणाल्या की मला ह्या घरात चाळीस वर्षांत कुणी आपणांस म्हटलेलं नाही.

नोटीस सरांनी स्वतः बजावली. पाईपपासून चांगलं लांब, कंपाउंडच्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी ती खड्या आवाजात वाचली. रील झालं, ते बऱ्याच लोकांनी बघितलं. त्यानंतर सरांनी मागे जायच्या वाटेवर एक दोरी बांधली आणि वॉचमनला बजावलं की नोटिशीच्या मुदतीत ताबेदाराला त्रास देता येत नाही, कायदा आहे. असा कायदा ड्रमवाल्याच्या वेळी कुणाला माहीत नव्हता. पण दोरी राहिली. लोक आता कोल्हिणीबद्दल गमतीनं बोलायला लागले. तिला मेंटेनन्स लावा, पार्किंग द्या, असे विनोद झाले. चपातीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. ज्या गोष्टीवर आपण हसलो ती मारायला माणसाचा हात जरा जड होतो, हे मी त्या महिन्यात बघितलं. सर संध्याकाळी गॅलरीतून पाईपकडे बघत बसायचे आणि जेवायला उठायचे नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मी एवढं सुख कधी पाहिलं नव्हतं.

मुदत संपायला आठवडा राहिला तेव्हा सरांनी दोरी ओलांडली. घडीची लोखंडी खुर्ची घेऊन ते थेट पाईपच्या तोंडाशी जाऊन बसले.

सकाळी चहा घेऊन जे बसायचे ते अंधार पडेपर्यंत. हातात आठवीचं जुनं व्याकरण. आणि ते मोठ्यानं वाचायचे. चाळीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज. प्रथमा, द्वितीया, तृतीया. स, ला, ना, ते. आमच्या मजल्यावर खिडकीतून विभक्ती ऐकू यायच्या. सर सत्याग्रहाला बसले, अशी बातमी पसरली. पाटणकर लाल झाले. “नोटीस तुम्हीच मागितलीत ना? आता हे काय नाटक आहे? जेसीबीसमोर झोपणार आहात का?” सर पान उलटून म्हणाले, “संबोधन,” आणि पुढे वाचायला लागले. बी विंगमधल्या कॉलेजच्या मुली फलक घेऊन आल्या, त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. फलक इंग्रजीत असल्यामुळे सरांनी त्यातलं काही दुरुस्त केलं नाही. फक्त म्हणाले, “उभ्या राहा, बोला, गाणी म्हणा. चालेल.”

सगळ्यांत नवल म्हणजे त्यांनी शर्ट बदलला नाही. इस्त्रीशिवाय दूध आणायला न जाणारा माणूस तोच पांढरा शर्ट रोज घालून बसायला लागला. एप्रिलचं ऊन, अंगावरून घामाच्या धारा. काकू माझ्याकडे येऊन रडकुंडीला आल्या. “अगं, लांबून वास मारतोय. धुवायला मागितला तर हात धरतात. असा कसला उपास?”

जेसीबी आला त्या सकाळी सगळी सोसायटी मागे जमली होती. मोबाईल वर धरलेले. मुलींनी हात धरून साखळी केली. सर खुर्चीवर होते. जेसीबीचा ड्रायव्हर जवळ येऊन इंजिन बंद करून थांबला, त्याला कुणीतरी आधीच घाबरवलेलं होतं. सर उठले. गुडघे टेकून पाईपमध्ये टॉर्च मारला, बराच वेळ आत बघितलं. मग उभं राहून गुडघे झटकले, खुर्ची मिटली आणि ड्रायव्हरला म्हणाले, “या. जागा रिकामी आहे.”

पाटणकर भांडायची सगळी तयारी करून आले होते, ते बिचारे उघड्या तोंडानं उभे राहिले. एक मुलगी चिडून म्हणाली, “सर, आम्ही तुमच्यासाठी इथे उभ्या होतो! तुम्ही असं कसं सोडून दिलंत?” सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खुर्ची घेऊन चालायला लागले. मागे जेसीबी सुरू झाला. एकदाही वळून न बघता सर लिफ्टपाशी आले. त्यांच्या मागोमाग मी आत शिरले.

पुढच्याच आठवड्यात माझी नागपूरला बदली झाली. परत आले तोवर सर आणि काकू मुलाकडे पुण्याला गेलेले होते, आणि तिथेच सर गेले. त्यामुळे मला ते शेवटचे दिसतात ते त्या लिफ्टमध्ये, हातात मिटलेली खुर्ची, अंगाला तो वास.

“सर, म्हणजे ती आधीच गेली होती? मग तुम्ही राखण कसली करत होतात?”

“राखण नव्हतो करत. हाकलत होतो.”

मला कळलं नाही. सर आकड्यांच्या दिव्यांकडे बघत सांगायला लागले. “बिळाच्या तोंडाशी माणूस बसला, बोलायला लागला, त्याचा वास मुरला की आई पिल्लं उचलते. आजोबा असंच करायचे, पाहुणीनं मेंढरांच्या वाड्याजवळ घर केलं की. पण पिल्लांचे डोळे उघडायच्या आत केलं तर ती टाकून जाते. म्हणून महिना मागितला.”

“पण तुम्ही वनखात्याकडे तक्रार केली असती तर काम थांबलं असतं.”

“जेसीबी थांबला असता. चपाती थांबली असती?”

माणसं ओळखता येत नाहीत असं मी ज्यांच्याबद्दल इतकी वर्षं समजत होते, त्यांनी आम्हाला सगळ्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मला आमची लाज वाटली, आणि तसं मी म्हणालेही.

सातव्या मजल्यावर दार उघडलं. काकू समोरच उभ्या होत्या, हातात टॉवेल. “आधी आंघोळ. तो शर्ट इथेच काढा, बाहेर.” सर शहाण्या मुलासारखे मान हलवून बाहेर पडले. पण घरात गेले नाहीत. पॅसेजमध्येच उभे राहिले.

“परवा दिवेलागणीला नेली तिनं,” ते म्हणाले. “तोंडात धरून, एकेक. भिंतीच्या भोकातून तिवरांत. मी वाचत होतो. शेवटचं नेताना ती वळली आणि माझ्याकडं बघायला लागली. माझा आवाज जरा बसला हो, सेक्रेटरीबाई. तर ती थांबली. पिल्लू खाली ठेवलं.”

काकूंनी टॉवेल खाली घेतला.

“मग?” मी विचारलं.

“मग काय,” सर म्हणाले. “आणखी मोठ्यानं वाचलं.”